सुनंदाबाईंच्या कॉम्प्युटरला बोलायची परवानगी

बँकेच्या कॉम्प्युटर विभागात नोकरी केली असं सांगितलं की समोरचा माणूस दोन प्रश्नांपैकी एक विचारतो. "आमचा प्रिंटर बघता का जरा?" हा पहिला. "म्हणजे नेमकं काय करत होता?" हा दुसरा, आणि उत्तर सुरू होईपर्यंत तो जिलबीकडे वळलेला असतो. या अंकाच्या संपादकांनी मात्र दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लेखी मागवलं. त्यामुळे आता वाचकांची सुटका नाही.

बँक सोलापुरातली, सहकारी. नाव सांगत नाही. ज्यांचं खातं आहे ते ओळखतील, बाकीच्यांनी ओळखून करायचंय काय? माझं काम म्हणजे चाललेलं चालू ठेवणं. चालू असेपर्यंत आमचा विभाग कुणाला आठवत नाही. बंद पडलं की चेअरमनपासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांना माझं नाव, माझा नंबर आणि माझे दोष तोंडपाठ असतात.

मासले पुष्कळ आहेत. बार्शीच्या शाखेत एका मॅनेजरनं दसऱ्याला सर्व्हरची यथासांग पूजा केली आणि कुंकू पंख्याच्या जाळीतून आत सोडलं. दुसऱ्या दिवशी शाखा ठप्प. मी जाऊन डबा उघडला तर आतून सगळं लाल. "श्रद्धेनं केलं हो," ते म्हणाले. मी म्हटलं, साहेब, श्रद्धा जरा लांबूनच असू द्या, आत पंखा आहे. त्यांनी माझी तक्रार केली की हा माणूस नास्तिक आहे. मी दर सोमवारी सिद्धरामेश्वराला जाणारा माणूस, पण खुलासा मात्र द्यावा लागला.

असले किस्से सांगून हसवता येतं. सांगायची गोष्ट वेगळी आहे. ती सुनंदाबाईंची आहे.

सुनंदाबाई मूळच्या करकंबच्या. लहानपणी तापात दृष्टी गेली. शिकल्या, परीक्षा दिली, राखीव जागेवर बँकेत लागल्या आणि मुख्य कार्यालयात आमच्याच विभागात, माझ्या शेजारी, तक्रारींच्या टेबलावर बसल्या. खातेदाराचा फोन येतो, "माझं पैसं कुटं गेलं?" सुनंदाबाई खातं उघडतात, पाहतात आणि सांगतात. पाहतात म्हणजे ऐकतात. त्यांच्या कॉम्प्युटरवर एक प्रोग्राम होता, पडद्यावरचं अक्षर न् अक्षर तो त्यांच्या कानात वाचायचा. वेग असा ठेवलेला की दुसऱ्याला नुसती खरखर ऐकू यावी. अक्कलकोटकडून फोन आला तर बाई "येनु बेकु?", म्हणजे काय पाहिजे, अशी सुरुवात करायच्या आणि पुढचं कन्नड मी शेजारून पुरवायचो. मला अण्णा म्हणायच्या. विभागात सगळ्यांत कमी चुका त्यांच्या टेबलावर व्हायच्या, आणि त्याबद्दल त्यांना कुणी कधी शाबासकी दिली नाही, कारण मग बाकीच्यांना काहीतरी म्हणावं लागलं असतं.

तर एकदा बँकेला सुरक्षेचा झटका आला. दुसऱ्या कुठल्याशा बँकेचे पैसे चोरांनी कॉम्प्युटरवरून पळवले, ही बातमी आमच्या चेअरमननी वाचली. चेअरमनना सगळे अप्पा म्हणत. अप्पांनी पुण्याहून एक सल्लागार आणला. सल्लागार वयानं लहान, शर्ट कडक इस्त्रीचा, आणि बोलताना प्रत्येक वाक्याच्या शेवटी "बेसिकली". त्यांनी फर्मान काढलं की बँकेच्या प्रत्येक मशीनवर सक्तीचा प्रवेश-अंकुश बसवायचा.

हे काय प्रकरण आहे ते सांगतो, अवघड नाही. साधारण कॉम्प्युटरवर ज्याची वस्तू तो मालक, तो म्हणेल त्याला ती मिळते. सक्तीच्या अंकुशात मालकालाही विचारत नाहीत. मंगल कार्यालयाच्या कोठीघरापुढे एक वॉचमन बसवायचा आणि त्याला सांगायचं, आचारी आणि वाढपी सोडून कुणालाही आत सोडू नको. नवऱ्या मुलाचा बाप आला तरी नाही. बाप म्हणेल, लग्न माझ्या पैशानं चाललंय. वॉचमन म्हणेल, असेल, पण यादीत नाव नाही. प्रत्येक प्रोग्रामसाठी असा एक वॉचमन आणि त्याच्या हातात एक यादी. गोष्ट चांगली आहे, मी तिच्या बाजूचा माणूस आहे. वॉचमन चांगलाच असतो, घोळ यादी करणारे घालतात.

यादी करायची कशी? प्रोग्राम दिवसभर कुठे कुठे हात घालतो हे कुणाला पाठ असतं? म्हणून वॉचमनला आधी शिकायला बसवतात. आठवडाभर कुणाला अडवू नको, फक्त कोण कुठे जातं ते टिपून ठेव. आठवडा संपला की टिपलेलं ते कायम. त्यानंतर जो नवीन दिसेल तो बाहेर.

आमच्या जनरल मॅनेजरसाहेबांनी सुनंदाबाईंच्या मशीनचा आठवडा ठरवला आणि माणुसकी दाखवली. "बाईंना त्रास नको," म्हणाले. "नवीन सिस्टीम बसेपर्यंत त्यांना पगारी रजा द्या." मी त्या आठवड्यात नेमका उजनीकाठच्या एका शाखेत अडकलो होतो. तिथे लाइट इतक्या वेळा जायची की सर्व्हरलाही सवय झाली होती. मी परत आलो तेव्हा शिक्षण पूर्ण झालं होतं.

कॉम्प्युटरमध्ये आवाज सांभाळणारा एक प्रोग्राम असतो, साउंड सर्व्हर. लग्नातला माईकवाला समजा. भटजींना बोलायचंय, मामांना बोलायचंय, बँडवाल्याला वाजवायचंय, आणि कर्णा एकच. कुणाचा आवाज कर्ण्यात सोडायचा ते माईकवाला बघतो. सुनंदाबाईंचा वाचणारा प्रोग्राम याच्याच हातात आवाज द्यायचा. पण त्या आठवड्यात बाईच करकंबला. माईकवाला रोज सकाळी उठायचा, कुणी बोलत नाही म्हणून परत झोपायचा. वॉचमननं इमानदारीनं टिपलं की हा गृहस्थ उठतो आणि झोपतो, बाकी काही करत नाही. यादी तयार झाली. सल्लागारांनी कुलूप लावलं आणि पुण्याला गेले.

सोमवारी बाई टेबलावर बसल्या. कळ दाबली. काही नाही. परत दाबली. मग मला हाक मारली.

"अण्णा, हे मुकं झालंय."

मी बघितलं आणि कपाळावर हात मारून घेतला. ज्याला बोलायचं त्यालाच रजेवर पाठवून यंत्राला बोलणं शिकवलं होतं. ही अक्कल फक्त आमच्याच मुख्य कार्यालयाला सुचू शकते.

सल्लागारांना फोन लावला. ते म्हणाले, "पॉलिसी बरोबर आहे सर. बेसिकली युजर अपवादात्मक आहे."

मी म्हटलं, "युजर रोज येतो. अपवाद तुमचा तो आठवडा होता."

"पण बँकेच्या मशीनला आवाज लागतोच कशाला? साउंड सर्व्हर माईकपण उघडू शकतो. कुणी दूर बसून बँकेतलं बोलणं ऐकेल. शिवाय खातेदाराची शिल्लक स्पीकरवर मोठ्यानं वाचली गेली तर?"

खोटं कशाला सांगू, भीती बरोबर होती. माईकवाल्याला ऐकताही येतं, हे लोक विसरतात. पण त्यावर जनरल मॅनेजरसाहेबांनी जो उपाय काढला त्याचं नाव समायोजन. दर्शनी दाराजवळ बाईंसाठी एक छान खुर्ची टाकायची. येणाऱ्याला नमस्कार करायचा आणि कुठल्या काउंटरला जायचं ते सांगायचं. पगार तोच, पद तेच. प्रस्ताव अप्पांच्या समितीपुढे जाणार होता.

बाई माझ्या टेबलाशी आल्या. आवाज चढला नव्हता.

"पगार मिळंल हो अण्णा. पण मी दारात बसून नमस्कार करायला शिकले का? माझ्या हातनं काम काढून घ्यायलेत, आनि वर फूल देऊन घ्यायलेत. घरी काय सांगू? बँकेत जाऊन हात जोडते म्हणून?"

मला त्यांचा राग आला नाही, आमचा आला. इतकी वर्षं त्यांच्या शेजारी बसून मी त्यांच्या चुका मोजल्या असत्या तर एका हाताची बोटं संपली नसती.

विभागातल्या मंडळींनी लगेच आपला नेहमीचा इलाज सांगितला. बंद करून टाका. आमच्या धंद्याची ही रीतच आहे. सुरक्षा आडवी आली की ती बंद करायची, काम झालं की परत चालू करू म्हणायचं आणि विसरायचं. एक ओळ टाइप करायची असते. मीही ती ओळ टाइप करू शकलो असतो, बाईंचं मशीन त्याच दुपारी बोललं असतं. पण पुढच्या तपासणीत त्या मशीनच्या नावापुढे लाल शेरा आला असता, आणि शेरा काढायचा सोपा उपाय म्हणजे बाई काढणं. म्हणून मी ठरवलं की वॉचमन राहू द्यायचा, यादी सुधारायची. सल्लागारांकडून अटी लेखी घ्यायच्या आणि सगळ्या पाळायच्या, म्हणजे उद्या त्यांना तोंड उघडायला जागा राहणार नाही. माईक कायमचा बंद. स्पीकर बंद. नेटवर्कला हात नाही. आवाज फक्त वाचणाऱ्या प्रोग्रामकडून घ्यायचा आणि फक्त बाईंच्या हेडफोनमध्ये सोडायचा. कॉम्प्युटरच्या आत माईक आणि हेडफोन यांना आपापली दारं असतात; त्यांच्या नावात शेवटचं एक अक्षर तेवढं वेगळं असतं, पण वॉचमनला तेवढं पुरतं.

या वेळी शिकवणीला बाई हजर होत्या. मी सांगितलं, रोजचं काम करा. त्या म्हणाल्या, "रोजचं तर करतेच. पन महिनाअखेरीला काय होतं ते ह्याला कोन सांगनार?"

प्रश्न बिनतोड होता. वॉचमनसमोर जे घडत नाही ते त्याच्या लेखी जगातच नाही. मग आम्ही दोघांनी मंगळवारीच खोटी महिनाअखेर केली. बुधवारी खोटा मार्च केला, तोही न कण्हता, ही बँकिंगच्या इतिहासातली पहिली वेळ असावी. मशीन बंद करून चालू केलं. चुकीचा पासवर्ड टाकून ते कसं ओरडतं ते ऐकवलं. जेवणाच्या सुट्टीइतकं गप्प ठेवलं.

"अण्णा, आनि एक. माझी हेडफोनची वायर रोज खुर्चीच्या चाकात अडकून निघती. ते पन शिकवा."

"ते कशाला?"

"वायर निघाली आनि परत लावली, तर त्यानं वळखायला पायजे की मीच हाय म्हणून."

मग आम्ही खुर्ची मागे-पुढे सरकवून वायर उपटत बसलो. वायर निघाली की मशीन गप्प, लावली की बोलतं. शेजारचा कॅशियर म्हणाला, काय खेळ लावलाय. मी म्हटलं, शाळा भरलीय, बस गप्प.

समितीची बैठक वरच्या हॉलमध्ये होती. अप्पा मधोमध, एका बाजूला जनरल मॅनेजर, दुसऱ्या बाजूला सल्लागार. बाईंचं मशीन आम्ही उचलून वर नेलं होतं. जनरल मॅनेजरनी दाराजवळच्या खुर्चीचं वर्णन इतक्या प्रेमानं केलं की मलाच तिथे जाऊन बसावंसं वाटलं. मग अप्पा म्हणाले, "दावा बरं काम कसं करता."

बाईंनी हेडफोन लावला, बोटं फिरली, एका तक्रारीचं उत्तर दिलं, दुसरीचं दिलं. अप्पा बघत राहिले. मग उठून टेबलाशी आले.

"आमालाबी ऐकू द्या की काय म्हनतंय ते," म्हणाले आणि स्वतःच्या हातानं वायर उपटली. स्पीकरमधून आवाज येईल म्हणून सगळे कान टवकारून बसले.

स्पीकर गप्प.

"बंद पडलं," अप्पा म्हणाले.

"हेच सांगत होतो मी," जनरल मॅनेजर म्हणाले.

मी सल्लागारांकडे बघितलं. स्पीकर बंद ठेवायची अट त्यांची, लेखी. साहेब छतावरचा पंखा बघत होते.

मी म्हटलं, "अप्पा, बंद पडलेलं नाही. स्पीकरवर काही वाचायचं नाही अशी या साहेबांचीच अट आहे."

"मग करा चालू. दोन मिंटं."

आता सल्लागारांना कंठ फुटला. "मंजुरीशिवाय पॉलिसीत बदल करता येणार नाही सर."

"मंजुरी कोन देतं?"

"ही समिती."

"समिती म्हंजी मीच की. दिली."

"तसं नाही सर. बेसिकली बदलाचा अर्ज आधीच्या बैठकीत यावा लागतो."

आता गंमत बघा. ऐकल्याशिवाय समिती निर्णय देणार नाही, आणि समितीच्या निर्णयाशिवाय ऐकता येणार नाही. चार शहाणी माणसं तिथेच अडकली. हॉलमध्ये त्या घडीला फक्त एकीला काय करायचं ते माहीत होतं. बाईंनी हातानं चाचपून वायर शोधली, जागेवर लावली. मशीन लगेच बोलायला लागलं, कारण तेवढं त्याला आम्ही चांगलंच शिकवलं होतं. त्यांनी हेडफोन काढून पुढे केला.

"अप्पा, तुमीच लावा की कानाला."

अप्पांनी टोपी मागे सारून हेडफोन लावला. चेहरा हळूहळू वाकडा होत गेला.

"हे कुठल्या भाषेत बोलायलंय?"

"मराठीच हाय. जरा वेगात हाय."

"ह्यातलं कळतं तुमाला?"

"व्हय."

अप्पांचा विश्वास बसला नाही. "मग माझं खातं काढा आनि वाचा. समदं वाचा." नंबर त्यांनी स्वतःच सांगितला.

बाईंनी हेडफोन परत घेतला. नाव वाचलं. पत्ता वाचला, त्यातला घर नंबर जुना आहे हेही सांगितलं. खातं कधी उघडलं ते वाचलं. मग थांबल्या.

"वाचा की फुडं," अप्पा म्हणाले.

"फुडं वारसाचं नाव हाय."

सोलापुरात हे सांगायला नको, पण बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. अप्पांच्या दोन मुलांचं एकमेकांशी बोलणं बंद होतं, आणि अप्पांनी कुणाचं नाव लावलंय यावर बाजारपेठेत चर्चा चालायच्या. जनरल मॅनेजर थोरल्याच्या जवळचे. ते खुर्चीत पुढे सरकले. सल्लागारांनीसुद्धा पंखा सोडला.

"मग?" अप्पांचा आवाज खाली आला होता.

"मग न्हाय वाचायचं. चार मानसं हायत हितं. ह्यांना बाहेर जाऊ द्या, मग सांगते. न्हायतर तुमच्या कानात सांगते. तुमी चेअरमन असला तरी मोठ्यानं न्हाय."

अप्पांनी प्रस्तावाचा कागद उचलला, घडी घातली आणि जनरल मॅनेजरच्या हातात दिला.

"ती दारातली खुर्ची पायजे तर तुमी घ्या," म्हणाले. "बाईला तिच्या टेबलावर बसू द्या."

मी आयुष्यभर वॉचमन बसवले, त्यांच्या याद्या लिहिल्या, अटी घातल्या. पण कुठे थांबायचं हे माझ्या यादीत नव्हतं. तिथे मशीननं ते नाव वाचून टाकलं होतं, अडवलं ते बाईंनी. मला त्या दिवशी त्यांचा अभिमान वाटला आणि तो मी तोंडानं सांगितला नाही, कारण आमच्या विभागात तशी पद्धत नव्हती. आता वाटतं, पद्धत गेली खड्ड्यात, सांगायला हवं होतं.

सल्लागारांचा अहवाल नंतर आला. त्यात लिहिलं होतं की नव्या धोरणानं स्पीकरवरून होणारी गळती प्रत्यक्ष समितीसमोर यशस्वीपणे रोखली. सुनंदाबाईंचं नाव कुठेही नव्हतं. "अपवादात्मक वापरकर्ता" एवढा उल्लेख होता.

मी निवृत्त झालो. नारळ, शाल, आणि ज्यांनी आयुष्यभर प्रिंटरखेरीज मला हाक मारली नाही त्यांची माझ्या अथांग ज्ञानावर भाषणं. बाई दोन वाक्यं बोलल्या, "अण्णा गेल्यावर कन्नड कोन बोलनार? मलाच शिकावं लागंल."

गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला. बँकेत नवी मशीन आली होती, नवे सल्लागार आले होते.

"अण्णा, उद्यापासून मला आठवडाभर पगारी रजा दिलीय."

"का?"

"मशीन शिकनार हाय म्हनत्यात."

मी काय बोललो ते दिवाळीच्या अंकात छापता येणार नाही. शेवटी म्हटलं, "तुम्ही रजा घेऊ नका."

"घेतलीच न्हाय. उद्या सकाळी टेबलावरच बसनार हाय. तुमी फकस्त या."

सकाळी गेलो. दारात नवा वॉचमन. ज्या दारातून मी सगळी नोकरी आत गेलो त्या दारात त्यानं हात आडवा घातला.

"कुणाला भेटायचंय?"

"मी इथेच होतो. कॉम्प्युटर विभागात."

"असाल. यादीत नाव न्हाय."

माणूस आपलं काम चोख करत होता, माझ्याच शिकवणीतला वाटावा असा. मी पायरीवर बाजूला उभा राहिलो. थोड्या वेळानं आतून काठीचा आवाज आला आणि सुनंदाबाई बाहेर आल्या.

"अण्णा आलेत का?"

"हो, इथेच आहे."

बाई वॉचमनकडे वळल्या. "ह्यांना सोड. हे माझ्याबरोबर हायत."

त्यानं लगेच हात खाली घेतला. बाई पुढे चालू लागल्या, मी मागे.

"चष्मा आनलाय न्हवं?" त्यांनी वळून न बघता विचारलं. "चला मग. आज पयल्यांदा वायरच उपटू."